दोष बीजाचा की ठिणगीचा?

मस्कतमध्ये माझं काम पाण्याचं. समुद्राचं खारं पाणी गोडं करून ते शहराला पुरवलं जातं, त्या पाण्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी गेली बरीच वर्षं नोकरी करतो. गोडं केलेलं पाणी इतकं निःसत्त्व असतं की तसंच सोडलं तर ते पाइपच खायला लागतं. म्हणून चुनखडीच्या मदतीने त्यात कॅल्शियम मुद्दाम परत घालावं लागतं. ते किती घातलं गेलं हे मोजणं ही माझी रोजची भाकरी. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत मी 'कॅल्शियमवाले काका' आहे. कुणाचे गुडघे दुखले, कुणाच्या नळाला पांढरे थर धरले, की फोन मला.

काही महिन्यांपूर्वी असाच एक फोन आला. रुवीत राहणारी, चौतिशीची, आमच्या चांगल्या ओळखीची मुलगी. (आम्हा जुन्या लोकांना चौतिशीची बाईसुद्धा मुलगीच वाटते.) लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. आदल्या वर्षीच्या सुट्टीत दोघांनी भारतात जाऊन उपचार घेतले होते. अकरा बीजं निघाली, त्यातली नऊ परिपक्व होती. प्रत्येकात सुईने एकेक शुक्राणू सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला : एकही फलित झालेलं नाही. शून्य. केंद्रातल्यांनी सांगितलं की बीजांची क्वालिटी बरोबर नाही, पुढच्या वेळी दात्या बाईचं बीज घेऊ. आता या वर्षीच्या सुट्टीसाठी त्यांनी खर्चाचा अंदाज पाठवला होता. त्यात दात्याच्या बीजाचा आकडा होता आणि खाली आणखी एक ओळ होती : कॅल्शियम आयनोफोर.

"काका, हे कॅल्शियमचं काय आहे? मी रोज दोन गोळ्या घेते. तरी कमी पडलं का?"

मी डॉक्टर नाही. पण प्रश्न माझ्या मूलद्रव्याचा होता, म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की ही फक्त एका घरातली गोष्ट नाही. आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्या कितीतरी जोडप्यांचा पैसा, रजा आणि बायकांच्या माथ्यावरचा ठपका या एका ओळीशी बांधलेला आहे. आणि सध्या हा विषय सगळीकडे ऐरणीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच संघटनेने वंध्यत्वावरची आपली पहिली जागतिक मार्गदर्शक सूचनावली काढली. पहिली! लुईस ब्राऊन ही पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली २५ जुलै १९७८ ला. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं हा सगळा कारभार जागतिक पातळीवरच्या अशा एकाही पोथीशिवाय चालला होता.

आधी गोळ्यांचा गैरसमज काढून टाकतो. आपल्याकडे कॅल्शियम म्हटलं की दूध, नाचणी, हाडं. इथे ज्या कॅल्शियमची गोष्ट आहे त्याचा पोटात जाणाऱ्या कॅल्शियमशी संबंध नाही. आपल्या शरीरातली कुठलीही पेशी आपल्या आतल्या रसात मोकळं कॅल्शियम जवळजवळ राहूच देत नाही. पेशीच्या बाहेर जेवढं असतं त्याच्या साधारण दहा हजारावा भाग आत असतो. बाकीचं ती बाहेर ढकलते, नाहीतर आतल्या कोठारांत कुलूपबंद ठेवते. घरात सगळीकडे अंधार ठेवायचा, म्हणजे एक काडी ओढली तरी लख्ख दिसतं, तसं हे आहे. बाहेर कितीही गोळ्या खा, हा अंधार आणि ती काडी यांचा हिशोब पेशी स्वतःच ठेवते.

कॅल्शियमशिवाय जिवाचं चालत नाही हे कळलं तेही पाण्यामुळे, म्हणून ही गोष्ट मला भारी आवडते. १८८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगरने बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचा प्रयोग नव्याने करून पाहिला. आधी ते छान चालत असे. शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी वापरलं तेव्हा मात्र बंद पडलं. शोध घेतला तर कळलं की आधीचं द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं. लंडनच्या जड पाण्यातला चुना त्या हृदयाला चालवत होता.

आता बीजाकडे. स्त्रीचं बीज अंडाशयातून बाहेर पडतं तेव्हा ते अर्धवट झोपेत असतं. विभाजनाचं काम मध्येच थांबवून ते वाट पाहत असतं. शुक्राणू आत आला की बीजाच्या आतल्या कोठारांतून कॅल्शियम सुटतं, एका टोकापासून लाट उठते आणि अख्ख्या बीजातून पसरत जाते. १९७७ मध्ये अमेरिकेत रिजवे, गिल्की आणि जॅफी यांनी कॅल्शियमची ही उसळी पहिल्यांदा टिपली, तीही मेडाका नावाच्या, जपानमधल्या भातखाचरांत सापडणाऱ्या इवल्याशा माशाच्या अंड्यात. त्यांनी त्या अंड्यात एक्वोरिन नावाचं प्रथिन टोचलं होतं. हे प्रथिन जेलीफिशमधून काढलेलं, कॅल्शियम भेटलं की ते चमकतं. ते ओसामू शिमोमुरा यांनी शोधलं, आणि त्याच जेलीफिशमधल्या दुसऱ्या, हिरव्या प्रथिनासाठी त्यांना २००८ चं नोबेल वाटून मिळालं.

सस्तन प्राण्यांत ही लाट एकदाच येत नाही. दर काही मिनिटांनी परत परत येते आणि तासन् तास येत राहते. या ठोक्यांनी बीज जागं होतं. पहिलं काम म्हणजे दार बंद करणं, म्हणजे दुसरा शुक्राणू आत येऊ नये. मग अर्धवट राहिलेलं विभाजन पुरं होतं, बीजाचं केंद्रक आणि शुक्राणूचं केंद्रक शेजारी शेजारी दिसू लागतात. प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण सोळा ते अठरा तासांनी, सूक्ष्मदर्शकाखाली जे बघतात ते हेच : दोन केंद्रकं दिसतात की नाही. दिसली तर फलन झालं. आमच्या त्या मुलीच्या नऊ बीजांत ती दिसली नव्हती.

मग ठिणगी टाकतं कोण? इतकी वर्षं वाद होता. शुक्राणू बाहेरून नुसता भिडल्याने हे होतं, की तो आत काही घेऊन येतो? २००२ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या संशोधकांनी उत्तर दिलं. शुक्राणूत पीएलसी-झीटा नावाचं एक प्रथिन असतं. ते बीजात उतरतं, तिथल्या चरबीच्या एका घटकाचे तुकडे करतं, त्यातला एक तुकडा किल्लीसारखा कोठारांच्या कुलपाला लागतो आणि कॅल्शियम सुटतं. पुढे या प्रथिनाविना उंदीर तयार करून पाहिले, तर त्यांना पिल्लं अगदीच होईनात असं नाही, पण फार थोडी झाली.

म्हणजे बघा, काडी असते नवऱ्याकडे. बीज हे कोरडं सरपण म्हणा. ते उत्तम असेल, वाळलेलं असेल, चुलीत नीट रचलेलं असेल, पण काडीच ओली निघाली तर दोष सरपणाचा कसा?

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कुणी त्या मुलीला सांगितलं नव्हतं. तिच्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या होत्या, "तिच्या बीजातच दम नाही म्हणे." नवऱ्याचा रिपोर्ट 'नॉर्मल' होता. संख्या भरपूर, हालचाल चांगली. पण आपण ज्याला 'तपासणी' म्हणतो तिच्यात शुक्राणू किती, पोहतात कसे आणि दिसतात कसे एवढंच बघतात. खिशात काडेपेटी आहे की नाही हे त्यात कळत नाही. काही पुरुषांच्या शुक्राणूंची डोकी वाटोळी असतात, टोकावरची टोपी नसते. त्यांच्यात पीएलसी-झीटा नसतं किंवा फारच थोडं असतं, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली निदान दिसून तरी येतं. पण दिसायला अगदी ठणठणीत शुक्राणूतही हे प्रथिन बिघडलेलं असू शकतं.

शुक्राणूची स्वतःचीही एक कॅल्शियमची भानगड आहे. त्याच्या शेपटीत कॅटस्पर नावाची झडप असते. तिचा शोध २००१ चा. बीजाभोवतीच्या पेशी जे प्रोजेस्टेरॉन सोडतात त्याने माणसात ही झडप उघडते हे २०११ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. झडप उघडली की कॅल्शियम आत शिरतं आणि शेपटी एकदम चाबकासारखी फटकारू लागते. त्या जोराशिवाय बीजाचं जाड कवच फोडता येत नाही. ही झडप बिघडलेल्या पुरुषाचा साधा रिपोर्टही 'नॉर्मल' येऊ शकतो. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या गटाने २०२४ मध्ये तिच्यासाठी प्रयोगशाळेत करता येईल अशी चाचणी मांडली. अशा माणसाला मात्र इक्सीचा चांगला उपयोग होतो, कारण सुई शुक्राणूला थेट आत नेऊन ठेवते, त्याला कवच फोडावंच लागत नाही. इक्सी आली १९९२ मध्ये, ब्रुसेल्समधून. तिने पुरुषाच्या बाजूच्या निम्म्याहून अधिक अडचणी झाकून टाकल्या. माझ्या मते त्याचा एक तोटाही झाला. 'सुईने सोडला म्हणजे झालंच' असं सगळे धरून चालले. तरीही झालं नाही, तर उरली कोण? बाई.

प्रत्यक्षात इक्सीनंतर एकही बीज फलित न होणं शंभरातल्या एक ते पाच वेळा घडतं, आणि त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत शुक्राणू आत असतो, पण बीज जागंच होत नाही. अर्थात दर वेळी दोष शुक्राणूचाच असं म्हणणं हाही उलटा अन्यायच होईल. बीज कच्चं असू शकतं. ठिणगी पडूनही बीज पेट घेत नाही असंही होतं. २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी बायकांतला असा एक जनुकदोष दाखवला, वी-टू नावाच्या जनुकातला. त्यात कॅल्शियम कितीही ओता, पुढची साखळीच तुटलेली असते. मुद्दा इतकाच की कोण चुकलं हे शोधल्याशिवाय सांगता येत नाही. शोधण्याची एक जरा गमतीशीर पद्धत बेल्जियमच्या घेंटमध्ये वापरतात : नवऱ्याचा शुक्राणू उंदराच्या बीजात सोडून बघायचा. उंदराचं बीज जागं झालं तर काडी शाबूत. नाही झालं, तर संशय काडीवर. पीएलसी-झीटाची आणि जनुकाची तपासणीही करता येते, पण गल्लोगल्लीच्या केंद्रांत नाही.

आता विचार करा, दोष काडीचा असताना दात्या बाईचं बीज आणलं तर काय होणार? तेच. परक्या बाईला इंजेक्शनं, भूल, सुई, आणि दुसऱ्या दिवशी परत शून्य. शिवाय आपल्या कायद्याप्रमाणे दाती बाई आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते, आणि एका वेळी सातहून जास्त बीजं काढता येत नाहीत. इतकी मोलाची गोष्ट चुकीच्या निदानावर खर्च करायची?

ओमानमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इथे दात्याचं बीज, दात्याचे शुक्राणू, सरोगसी, यातलं काहीच चालत नाही. १९८० च्या अल-अझहरच्या फतव्यापासून बहुतेक मुस्लिम देशांची भूमिका हीच आहे : नवरा-बायकोचंच बीज, तेही लग्न टिकून असेपर्यंत. तिसरा माणूस मध्ये येता कामा नये. आपल्याला हे जाचक वाटू शकतं. पण दाते हा पर्यायच नसेल तर डॉक्टरला या दोघांच्याच बीजावर डोकं चालवावं लागतं, 'सोडा हो, दुसऱ्याचं घेऊ' असं म्हणून मोकळं होता येत नाही. अशा समाजाला कॅल्शियमच्या ठिणगीचं संशोधन आपल्यापेक्षा जास्त गरजेचं आहे. आखातातल्या काही विद्यापीठांत आणि इस्पितळांत पीएलसी-झीटावर काम होतं आहे, ते मला म्हणून आश्चर्याचं वाटत नाही.

दुसरं कारण रक्ताचं. ओमानमध्ये साधारण निम्मी लग्नं नात्यातली, चुलत-मावस भावंडांतली असतात. असा दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक आला तरच उघड होतो, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. पीएलसी-झीटाच्या जनुकातला दोष दोन भावांत एकदम सापडला, त्यांचे आईवडील नात्यातले होते. कॅटस्परचा माणसातला दोष २००९ मध्ये पहिल्यांदा दिसला तो समुद्रापलीकडच्या इराणमधल्या, नात्यात लग्नं झालेल्या कुटुंबांत. आपण 'ते लोक' म्हणून हात झटकू नयेत. मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडच्याही कितीतरी घरांत आजवर होती, काही ठिकाणी अजून आहे.

ओमान सरकारने १ जानेवारी २०२६ पासून नागरिकांना लग्नाआधीची वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. तिचा रोख सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे रक्ताचे आजार आणि काही संसर्ग यांवर आहे. वंध्यत्व त्यात नाही आणि असूही नये असं मला वाटतं. लग्नाआधीच कुणाच्या कपाळावर शिक्का मारायचं ते साधन होईल. पण या निमित्ताने एक गोष्ट इथे रुजते आहे, ती म्हणजे तपासणी दोघांची. आमच्या कँटीनमधले ओमानी सहकारी हे जितक्या सहज बोलतात तितकं सहज आपली मराठी माणसं बोलत नाहीत. जगभरात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाचा वाटा असतो, पण आपल्या घरांत पहिली सोनोग्राफी सुनेचीच. मुलाने लॅबमध्ये डबी न्यायची म्हणजे जणू इभ्रत न्यायची.

उन्हाचाही विषय लोक काढतात. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. वृषणांना अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो हे खरं, आणि शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात हेही खरं, म्हणजे भर उन्हाळ्याचा परिणाम सप्टेंबरमध्ये दिसू शकतो. बांधकामावरच्या आपल्या बांधवांसाठी हे महत्त्वाचं आहे. एसी ऑफिसात बसणाऱ्या नवऱ्याने मात्र उन्हावर ढकलू नये.

आता त्या बिलातल्या ओळीकडे. आयनोफोर म्हणजे कॅल्शियमला पेशीच्या भिंतीतून हाताला धरून आत नेणारं रसायन. मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळतं. १९७४ मध्ये स्टाइनहार्ट आणि एपेल यांनी हे रसायन सी-अर्चिनच्या अंड्यांवर टाकलं आणि शुक्राणूशिवाय अंडी जागी झाली. इक्सीनंतर बीजं थोडा वेळ या द्रावणात ठेवली की आत कॅल्शियम वाढतं. काडी नसलेल्या घरात लायटर आणावा तसं. फरक एवढाच की शुक्राणूची ठिणगी परत परत पडते, लायटर एकदाच पेटतो. तरी पुष्कळ वेळा तेवढ्याने काम होतं. पूर्वी ज्यांना शून्य मिळालं होतं अशा जोडप्यांना यातून मुलं झाली आहेत. त्या मुलांवर आजवर झालेल्या पाहण्या धीर देणाऱ्या आहेत, पण त्या लहान आहेत.

प्रश्न आहे तो कुणाला द्यायचं याचा. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने, एशरेने, २०२३ मध्ये अशा 'जोड' उपचारांची झाडाझडती घेतली. त्यात आयनोफोरबद्दलचा सूर स्पष्ट आहे : आधी फलन पूर्ण फसलं असेल, फारच कमी झालं असेल, किंवा शुक्राणू वाटोळ्या डोक्याचे असतील, तर द्या. सरसकट सगळ्यांना देऊ नका. एशरेच्या त्या यादीतल्या पुष्कळ उपचारांची शिफारसच झालेली नाही, हे मात्र उपयोगी पडणाऱ्यांतलं. आणि गंमत बघा, जिथे ते खरंच हवं तिथे, म्हणजे आमच्या त्या मुलीच्या बाबतीत, दात्याचं बीज पहिल्या ओळीत आणि आयनोफोर खाली, 'हवं असल्यास' म्हणून. मी दुसऱ्याही एका जोडप्याचे कागद पाहिले. त्यांची दहातली सात बीजं पहिल्याच वेळी फलित झाली होती, पुढे गर्भ रुजला नव्हता. त्यांना आयनोफोर लावून पैसे घेतलेले होते. ज्या घरात चूल पेटलेलीच आहे तिथे लायटर कशाला? मीटर लावल्याशिवाय पाण्यात चुना ओतावा, त्यातला हा प्रकार. आमच्या प्रयोगशाळेत असं कुणी केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी नोकरी शोधावी लागेल.

मला भारतातल्या डॉक्टरांवर सरसकट टीका करायची नाही. आपल्याकडे या शास्त्राचा पाया फार मेहनतीने घातला गेला आहे. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी ३ ऑक्टोबर १९७८ ला, लुईस ब्राऊननंतर सत्तर दिवसांनी, भारतातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी जन्माला आणली. त्यांची चौकशी-हेटाळणी झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच, परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी, सगळ्या शास्त्रीय नोंदींसह पहिलं बाळ जन्माला आणलं. पुढे याच आनंद कुमारांनी मुखर्जींचे कागद वाचले आणि १९९७ मध्ये जाहीर केलं की पहिला मान आपला नाही, त्यांचा. स्वतःच्या गळ्यातला हार काढून मेलेल्या माणसाच्या तसबिरीला घालणारे शास्त्रज्ञ आपल्याकडे होऊन गेले. आणि हे सगळं परळच्या सरकारी इमारतींत, गिरणी कामगारांच्या वस्तीत. नोंद नीट ठेवणं आणि खरं ते सांगणं या दोन गोष्टी तेव्हा होत्या. आज चकचकीत स्वागतकक्षात बसून आपण नेमक्या त्याच दोन मागितल्या पाहिजेत.

मागायचा हक्कही आहे. २०२१ च्या कायद्याने केंद्रांवर बंधन घातलं आहे की उपचाराचे फायदे, तोटे, धोके, खर्च आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगायची. मी त्या मुलीला म्हटलं, "अगं, फक्त 'फेल' एवढा शब्द घेऊन येऊ नकोस. बीजं किती निघाली, परिपक्व किती होती, किती टोचली, आणि दुसऱ्या दिवशी दोन केंद्रकं किती जणींत दिसली, हे चार आकडे लेखी माग. शून्य आलं तर शुक्राणू आत होता का आणि बीज जागं का झालं नाही, हे विचार. आणि दात्याचं बीज घ्यायला सांगताना त्यांनी काडीची तपासणी केली का, तेही विचार."

हे बोलणं सोपं. इथे राहणाऱ्यांना घाई का असते ते मला माहीत आहे. ओमानच्या २०२३ च्या कामगार कायद्याने वर्षाला तीस दिवसांची भरपगारी रजा आहे, आणि बाळंतपणाला अठ्ठ्याण्णव दिवस. म्हणजे बाळ झालं तर रजा आहे, पण बाळ होण्याच्या प्रयत्नाला वेगळी रजा नाही. दोन आठवडे इंजेक्शनं, मग बीज काढणं, मग पाच दिवसांनी गर्भ सोडणं, मग वाट पाहणं. तीस दिवसांत एक डाव बसतो. मस्कत ते मुंबई विमानाला तीन तासही लागत नाहीत, पण तो एक डाव फसला की पुढचा वर्षाने, आणि चौतिसाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती ते बायकांनाच कळतं. माझ्या विम्याच्या कागदात वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत, तिच्याही. त्यामुळे निदान करत बसायला वेळ नाही आणि पैसाही नाही. केंद्रवाल्यांना हे ठाऊक असतं. 'सुट्टी किती दिवसांची?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो म्हणे.

पण निदानाचा बराचसा भाग रजेशिवाय होऊ शकतो. शुक्राणूचा नमुना इथेही देता येतो, जनुकाची तपासणी रक्तावर होते. जुने कागद मागवायला विमानात बसावं लागत नाही. सुट्टीच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत नवऱ्याने हे उरकलं तर तीस दिवस खऱ्या उपचाराला उरतात.

तिने पुढच्या आठवड्यात जुने आकडे मागवले. ते यायला बावीस दिवस आणि सात फोन लागले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की नऊपैकी सात बीजांत दुसऱ्या दिवशीही शुक्राणू आत दिसत होता, तसाच, जसाच्या तसा. बीजांविषयीच्या रकान्यात शेरा होता 'चांगली'. 'क्वालिटी बरोबर नाही' हे मग कुणी, कशावरून सांगितलं, ते त्या कागदावर कुठेच नव्हतं.

नवऱ्याची तपासणी आता व्हायची आहे. तो तयार झाला, जरा वेळ लागला. आधी दोघं जुन्या मस्कतच्या महादेवाला जाऊन आली, मग त्याने डबीसाठी वेळ घेतली. परवा ती विचारत होती, "काका, दोष यांच्या बाजूचा निघाला तर आईंना कसं सांगू मी?"

मी म्हटलं, "तू नाही सांगायचंस. त्याने सांगायचं."

ती हसली. म्हणाली, "तुम्हीच बोला ना त्याच्याशी एकदा." शुक्रवारी दोघांना जेवायला बोलावलं आहे.